उजव्या पोटातलं पाणी

११ जानेवारी

होडी आली. गाडीवरून उतरवायला सहा माणसं लागली. त्यातला एक मी, म्हणजे कामाची पाच.

ज्या दंतवैद्याकडून घेतली, त्याने निघताना माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. घरी आल्यावर वाटलं, सांत्वन असावं.

वर्णन लिहून ठेवतो. कॅटमरान, साडेसोळा फूट. ही एक होडी नसून दोन आहेत: दोन लांब, अरुंद, पोकळ आणि बंद पोटं, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या, आणि नळ्यांवर ताणलेली जाळी. माणसांनी बसायचं ते जाळीवर. तलावावरच्या क्लबातले लोक पोटांना 'हल' म्हणतात. मी पोटंच म्हणणार. प्रत्येक पोटाला मागच्या टोकाशी एक बूच आणि वरच्या अंगाला हात जाईल एवढं गोल झाकण.

ही (म्हणजे बायको, वही उद्या कुणाच्या हाती लागली तर गैरसमज नको) होडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "दोन आहेत म्हणजे दुप्पट गळणार." तीस वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या, त्यामुळे तिला सगळ्याचाच हिशेब लागतो. मी नुसता हसलो. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं गळत्या शोधलेल्या माणसाला गळतीची भीती घालायची, म्हणजे कमालच झाली.

खात्यात मला कानसाहेब म्हणत. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते मी खडूने खूण करून सांगायचो. खणणारे खणायचे आणि पाणी तिथेच लागायचं. निवृत्तीनंतर सहीला कागद कुणी आणत नाही, पण कान काही कुणी जमा करून घेतले नाहीत. ते माझ्याकडेच आहेत.

१४ जानेवारी

पहिली चाचणी. धक्क्याला तासभर नुसती बांधून ठेवली, मग झाकणं उघडून पाणी मगाने उपसलं.

डावं पोट: दोन मग.

उजवं पोट: तेवीस मग.

हिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. संसार असाच टिकतो.

१७ जानेवारी

शास्त्रोक्त तपासणी. होडी बाहेर काढून लाकडी घोड्यांवर ठेवली. उजव्या पोटाचं बूच काढून तिथे हवेची गादी फुगवायचा पंप चिंध्या लावून घट्ट बसवला. पोटात हवा भरायची, हळूच, फार नाही, नाहीतर सांधे उसवतात. मग जिथे भोक असेल तिथून ती फुसफुसत बाहेर येते. नळाच्या गळतीचाच प्रकार, पाण्याऐवजी हवा.

दोन तास होडीला कान लावून रांगलो. शेपटापासून नाकापर्यंत, खालून, वरून, सांध्यासांध्याने. क्लबचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणतंय बाळ? फिरतंय का?" सेक्रेटरी मला आवडतात. दाढीमिशी गुळगुळीत, बोलणं स्वच्छ, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

मिस्त्रीचं नेमकं उलटं. क्लबातल्या सगळ्या होड्यांची दुरुस्ती त्याच्याकडे असते, माणूस हुशार असणार, पण मिशी इतकी दाट की शब्द तिच्यातच अडकून मरतात. माझी धडपड बघून तो काहीतरी म्हणाला. मला "थांबून बघा" असं ऐकू आलं. म्हणून मी थांबून बघितलं. चाळीस मिनिटं. तो अधूनमधून माझ्याकडे बघत होता. मग मान हलवत निघून गेला.

निष्कर्ष: उजवं पोट ठणठणीत आहे. एवढीशीही फुसफुस नाही. पाणी आलं ते दव असणार.

तेवीस मग दव म्हणजे जरा जास्त होतंय, हे मलाही कळतं.

२० जानेवारी

लेकीचा फोन आला होता. नेटवर्क भिकार, जणू ती गोधडीत तोंड खुपसून बोलतेय. तरी 'नोकरी' आणि 'शुक्रवारपासून' हे दोन शब्द पकडले. बढतीचं दोन महिने चाललंच होतं. मी दणक्यात म्हटलं, "अरे वा! अभिनंदन! हे कधीतरी व्हायलाच हवं होतं."

लगेच फोन तुटला. इतक्या मोठ्या शहरात राहते आणि नेटवर्कची ही दशा.

२२ जानेवारी

जेवताना टीव्हीवर बातम्या होत्या आणि ही लेकीबद्दल काहीतरी सांगत होती. बरंच सांगत होती. मी म्हटलं, "चालायचंच." हे फार उपयोगी उत्तर आहे. लग्न, मरण, महागाई, कशालाही बसतं. ही मात्र डोळे पुसत ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली. बढतीत एवढं रडण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. बायकांचे आनंद वेगळे असतात.

२८ जानेवारी

दारावरची घंटी पुन्हा बिघडली. वर्षातली तिसरी. वायरमन येऊन म्हणाला, चांगली आहे. त्याने दाबून दाखवली. आम्ही दोघे कान टवकारून उभे. तो समाधानाने मान डोलवत होता, म्हणून मीही डोलवली.

तो गेल्यावर ही माझ्या कोपराला हात लावून (हल्ली ही सवय लागलीय तिला, बोलण्याआधी कोपराला टोचायची) म्हणाली, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या. मी म्हटलं, अवश्य जाऊ, डॉक्टरला काही ऐकू येत नसेल तर मी सांगेन. ती हसली नाही. विनोद चांगला होता.

५ फेब्रुवारी

आज जे झालं त्याला बोलाफुलाची गाठ म्हणतात. तरी प्रामाणिकपणे लिहितो.

पुन्हा एकदा होडी तासभर पाण्यात ठेवली होती. पुन्हा तेवीस मग. एकही कमी नाही, होडी शिस्तीची आहे. ती बाहेर काढून पंप लावला आणि कान लावून रांगायला लागलो. तेवढ्यात ही चहाचा थर्मास घेऊन आली. क्लबात पहिल्यांदाच. दोन मिनिटं उभी राहिली, मग पुढे येऊन, डोलकाठीला धरणारी पोलादी तार जिथे पोटाला जोडली आहे त्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथून सुस्कारा येतोय." मग चार पावलं मागे जाऊन खालच्या सांध्याकडे, "आणि इथून. इथला बारीक आहे, पण येतोय."

मी दोन्ही ठिकाणी कान लावला. काही नाही. अगदी काही नाही. तिला सांगितलं, वारा आहे. ती म्हणाली, वारा असता तर पंप थांबल्यावर थांबला नसता. मग तिने थर्मासबरोबर आणलेल्या पिशवीतून वाटी काढली, साबणाचं पाणी केलं आणि माझाच रंगाचा ब्रश घेऊन त्या दोन जागी फासलं. पट्टीच्या बोल्टभोवती फुगे आले. रुपयाएवढे. सांध्यावर बारीक फेस, मोहरीसारखा.

"मिस्त्रींनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं सेक्रेटरी फोनवर म्हणाले," ती म्हणाली, "साबण लावून बघा."

साबण लावून. थांबून. मी मिस्त्रीला दोष देत नाही. ज्याच्या ओठांवर झाडी आहे, त्याने लिहून द्यावं.

पण हिने कानाने कसं ओळखलं, हे काही समजत नाही. दैव, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीचं शास्त्र असं: आधी पोट पूर्ण वाळू द्यायचं. मग सांध्यावरचा रंग घासून कोरं अंग उघडं करायचं, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड ठेवायचं आणि रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते कापडावर चोपडायचं. रेझिन दगड होतं, होडी अमर होते.

मी हार्डनर अंदाजाने घातलं. आयुष्यभर सगळं अंदाजाने केलं आहे. चार मिनिटांत मग इतका तापला की धरवेना. मग धूर निघाला. मग मगात ब्रश उभाच्या उभा थिजला. तो मग आता क्लबच्या पडवीत आहे. सेक्रेटरींनी तो खेळाडूंना बक्षीस म्हणून द्यायची सूचना केली आहे.

१० फेब्रुवारी

आज रेझिन हिने मिसळलं. वीस मिलिलिटरचं औषधाचं माप, दोन सिरिंजा, हातमोजे, चष्मा कपाळावरून नाकावर. मी तोंड उघडलं तर तिने नुसतं बोट वर केलं. मिश्रण मधासारखं झालं आणि मधासारखंच राहिलं. कापड दोन थर बसवलं. मी फक्त दाबून धरायचं काम केलं. तेही "तिथे नाही, इथे" असं ऐकत.

बोल्टची पट्टी मी काढली, जुनं कुजलेलं डांबर खरवडलं, नवं सीलंट भरून पुन्हा आवळली. ते काम मला जमतं, हे मिस्त्रीनेही कबूल केलं. म्हणजे त्याची मिशी वरच्या बाजूला गेली.

१९ फेब्रुवारी

तासभर पाण्यात. उजवं पोट: एक मग. एक! मी नाचलो असतो, पण धक्का ओला होता.

लेकीचा महिनाभर फोन नाही. बढती झाली की माणूस कामात बुडतो. मी दोन निरोप पाठवले, 'काय म्हणते नवी खुर्ची?' वगैरे. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. हिला म्हटलं, लेक मोठी साहेब झाली बरं का. हिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी उगीचच चष्मा पुसायला घेतला. म्हणाली, "तुमच्या पोटातलं पाणी हलत नाही ना कशानं?" मी म्हटलं, आता पोटात पाणीच नाही, एक मग उरलाय.

ती दार लावून आत गेली. दाराचा आवाज आला नाही, पण भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

२ मार्च

आजच लिहायला हवं. नाहीतर उद्या मी याची गंमत करून सांगेन.

आज पहिली सफर होती. ही यायला तयार नव्हती. मी म्हटलं, रेझिन तुझं, तूच घाबरतेस? मग आली. दोघांनी लाइफ जॅकेटं घातली. मी मागे, एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर. ही पुढे जाळीवर, तोंड पुढे करून. वारा बेताचा. पाऊण तास होडी अशी चालली, की मला वाटलं, आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी अंदाजाने न करता केली.

तलावाच्या मध्यावर पाण्यावर एक काळा डाग, म्हणजे वाऱ्याचा मोठा झोत, आमच्याकडे सरकत आला. तो मी बघितलाच नाही. मी शिडाकडे बघत होतो, कौतुकाने. ही मान न वळवता ओरडली. मला स्पष्ट ऐकू आलं, "ओढा! दोर ओढा!" मी दोन्ही हातांनी ओढला. आणखी ओढला. ती पुन्हा ओरडली, मी पुन्हा ओढला. उजवं पोट पाण्यातून वर उठलं, खूप वर, आणि मग सगळंच उलटं झालं.

पाण्यातून डोकं वर काढलं तर होडी आडवी पडलेली, शीड पाण्यावर पसरलेलं, आणि ही कुठेच नाही.

हाका मारल्या. उत्तर नाही. म्हणजे ती शिडाखाली. लाइफ जॅकेट घालून खाली बुडी मारता येत नाही, ते वर ढकलतं. मी जॅकेटचे बंद सोडले आणि ते काढून टाकलं. शिडाखाली गेलो, हात फिरवले, वर आलो, हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं, दोर पायात अडकला, आणि मनात आलं, की आता वर जाऊन तरी काय करायचंय. असं खरंच मनात आलं. लिहून ठेवतो.

कुणीतरी मला गळ्यापाशी सदऱ्याला धरून ओढलं. सेक्रेटरींची मोटरबोट. मिस्त्रीने मला माशासारखं आत टाकलं. मी त्याला म्हणत होतो, ती खाली आहे, शिडाखाली, उतर. तो माझं तोंड धरून दुसरीकडे वळवत होता.

ही होडीच्या पलीकडच्या पोटाला धरून होती. माझ्यापासून दहा फुटांवर, मधे उभी राहिलेली जाळी. सगळा वेळ तिथेच होती. सगळा वेळ ओरडत होती, "मी इथे आहे, अहो, मी इथे आहे." सेक्रेटरी म्हणाले, धक्क्यापर्यंत आवाज येत होता.

तिचं मनगट मुरगळलंय, बाकी ठीक आहे. मोटरबोटीत ती माझ्यासमोर बसली होती, टॉवेलात, आणि माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ मार्च

ती म्हणते, ती "सोडा" म्हणाली; दोर सोडला की शिडातला वारा निघून जातो. मी ओढा ऐकलं, म्हणजे ती ओढा म्हणाली. शिवाय पाण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, शीड फडफडत होतं. कुणालाही चुकीचं ऐकू आलं असतं.

हे वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ते मलाच पटेना.

४ मार्च

सकाळी चहा झाल्यावर तिने मला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. आपण समोर बसली. टीव्ही बंद, पंखा बंद. मनगटाला पट्टी. म्हणाली, मी दहा शब्द बोलणार, तुम्ही ते लिहायचे. मी म्हटलं, श्रुतलेखन? ती म्हणाली, हो. मग तिने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. म्हटलं, कर ना सुरू.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"दहाही झाले," ती म्हणाली.

माझा कागद कोरा. म्हटलं, पुन्हा कर, मोठ्याने. पुन्हा केलं. या वेळी खालच्या पट्टीतलं काहीतरी घुमल्यासारखं आलं. चार लिहिले. वाटी, दोरा, माणूस, बरणी. तिने कागद घेतला. त्यातला माणूस बरोबर होता. बाकीचे तिने उच्चारलेच नव्हते.

ती कागदाची घडी घालत राहिली, औषधाची पुडी बांधावी तशी. मग एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

"लेकीचा फोन आला होता," ती अगदी सावकाश, तोंड समोर ठेवून म्हणाली, "तेव्हा ती काय म्हणाली, असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, बढती.

"नोकरी गेली तिची. शुक्रवारपासून येऊ नका म्हणाले. नऊ वर्षांनी. रडत सांगत होती ती तुम्हाला. आणि तुम्ही अभिनंदन म्हणालात."

हे व्हायलाच हवं होतं, असंही म्हणालो होतो. ते तिला आठवत असणारच, म्हणून तिने ते उच्चारलं नसेल.

"मला वाटलं, तुम्ही टोमणा मारलात. तिने तुमचं ऐकलं नाही, इंजिनिअर झाली नाही, त्याचा. मग मी जेवताना सांगितलं, तर चालायचंच म्हणालात. तुमच्या कानांचं मला कळत होतं हो. घंटी कळत होती, टीव्ही कळत होता. पण हे कानांमुळे, हे नाही आलं डोक्यात. उत्तरं इतकी चपखल द्यायचात तुम्ही."

एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. न ऐकता चपखल उत्तर देण्याचं शिक्षण तिथे मोफत मिळतं. हा विनोद मी तिला सांगितला नाही. इथेच लिहितो.

४ मार्च, दुपारी

आणखी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी एका चौकात खडूने खूण केली. सहा फूट खणलं, माती कोरडी. दुसरी खूण केली, तीही कोरडी. मी वाहतुकीच्या आवाजावर ढकललं. त्यानंतर मी सळई लावायचो, डोळे मिटायचो, आणि रस्ता कुठे ओलसर दिसतोय हे आधीच बघून ठेवलेलं असायचं त्यावरून खूण करायचो. बहुतेक वेळा जमायचं. निरोप समारंभात मला एक चांदीचा कान दिला, भिंतीवर लावायला. लावला आहे.

म्हणजे मला माहीत होतं. किती, ते सांगता येत नाही. एक मग? तेवीस मग?

५ मार्च

लेकीला फोन करणार होतो. मग लक्षात आलं, फोनवर मला ती ऐकू येत नाही. ही अक्कल यायला पासष्ट वर्षं लागली.

निरोप टाइप केला. पन्नास मिनिटं लागली. तीनदा विनोदी झाला, तीनदा पुसला. शेवटी पाठवला तो असा: 'मला ऐकू येत नाही. बरंच नाही. तू रडत होतीस ते मला कळलं नाही. मला बढती वाटली. मी टोमणा मारला नव्हता. तुझ्या नोकरीचं वाईट वाटतं, आणि माझं त्याहून.'

उत्तर संध्याकाळी आलं. 'बाबा, मी दीड महिना तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. सगळी भांडणं जिंकलेय. आता त्यांचं काय करू?' खाली तिने लिहिलं होतं, की ती रविवारी येतेय.

८ मार्च

लेक आली. माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन तास. मी एकदाही 'चालायचंच' म्हटलं नाही. जे कळलं नाही ते "पुन्हा सांग" म्हटलं. अकरा वेळा म्हटलं असेन. शेवटी शेवटी तर कळलेलंही पुन्हा विचारत होतो, कारण ती पुन्हा सांगत होती.

१० मार्च

कानाची तपासणी. काचेची बंद खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. टिंग वाजलं की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी. मी लगेच हेरलं, की ती आवाज सोडते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलतो. पहिली पाच मिनिटं मी अव्वल आलो.

मग तिने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी बटण हातात धरून बसून राहिलो. बसूनच राहिलो. दाबण्यासारखं काही आलंच नाही. बाहेर बाकावर ही आणि लेक बसल्या होत्या. दोघींनी माझ्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न चालवला होता.

डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत. स, श, फ असली अक्षरं, घंटी, शिटी, आणि, मी विचारलं म्हणून, होय, फुसफुससुद्धा. सळयांनी झालं का? ते म्हणाले, नाही, वय. एवढं साधं कारण ऐकून थोडा अपमान वाटला.

२१ मार्च

यंत्रं आली. दोन, शेंगदाण्याएवढी. पहिला दिवस भयंकर. वर्तमानपत्र उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटतं. आमच्या घरातला फ्रिज गेली कित्येक वर्षं कण्हतोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाने एकदम चप्पल घासत चालायला सुरुवात केलीय.

सगळं परत आलेलं नाही. गर्दीत अजून शब्दांची लापशी होते. डॉक्टर म्हणाले होते, अपेक्षा बेताची ठेवा. मी म्हटलं, लग्नाला अडतीस वर्षं झालीत, सवय आहे. हे हिने ऐकलं. तिला सगळंच ऐकू येतं.

२९ मार्च

होडी उलटल्यापासून बघितलीच नव्हती. आज मिस्त्रीने बोलावलं. उजव्या पोटात नऊ मग. बुचाखालचं रबर फाटलं होतं. नवीन बसवलं. मिस्त्री बोलला, मी यंत्रं लावलेली होती, आणि त्याचं मला अजूनही काही कळलं नाही. हिला विचारलं. ती म्हणाली, "मलाही नाही कळलं." एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

१२ एप्रिल

यंत्रं पाण्यात चालत नाहीत, म्हणून होडीवर मी बहिरा. तेव्हा ठरलं ते असं: सुकाणू तिच्याकडे. ती मागे बसणार. मी पुढे, पण तोंड मागे करून, तिच्याकडे बघत, हातात शिडाचा दोर. पुढे काय येतंय हे मला दिसत नाही, मागे काय राहिलंय ते सगळं दिसतं. हात वर म्हणजे सोडा. मूठ आवळली की ओढा. मिस्त्री म्हणतो, असं कुणी होडी चालवत नाही. निदान ही तरी तसं म्हणते, की मिस्त्री म्हणतो.

आज लेकही होती, धक्क्यावर. तिला दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय, तिसऱ्याने नाही म्हटलंय. ते तिने मला तोंडासमोर उभं राहून सांगितलं. मी तिला ज्या ठिकाणाने नाही म्हटलं त्याबद्दल विचारलं. बाकीच्या दोन्हींबद्दल सगळेच विचारतात.

तासभर फिरलो. हिचा हात दोनदा वर झाला, दोन्ही वेळा मी सोडलं. एकदा तिचे ओठ बराच वेळ हलत होते आणि हात नुसता दांड्यावर होता. मी खुणेने विचारलं, ओढू? तिने मान हलवली. ती गात होती. अडतीस वर्षांत मला माहीत नव्हतं, की ही गाते. बहुधा मला ऐकू येत होतं तोवर गात नसेल.

परत आल्यावर उपसलं. उजवं पोट: तीन मग. तीन मगांना आम्ही आता गळती म्हणत नाही.

धक्क्याच्या पायऱ्यांवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मी दोर बांधत असताना माझ्याकडे बघताना त्यांचे ओठ हलले. पूर्वी मी "होय होय, वारा चांगला आहे" असलं काहीतरी ठोकलं असतं. आज हातातला दोर खाली ठेवला, ताठ उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला, लेकीदेखत, बायकोदेखत, खणखणीत आवाजात सांगितलं, "माफ करा, मला कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोलता का?"

गृहस्थ गोंधळले. हिच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी काही बोललो नाही. दाणे खातोय."

मग त्यांनी पुडी पुढे केली. आम्ही तिघेही त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो आणि दाणे संपेपर्यंत उठलो नाही.